बुलेटला बाहेरचा एअर फिल्टर टाकावा का?

हडपसरी_थंपर:
नमस्कार मंडळी. २०१६ ची क्लासिक ३५० आहे, कार्बवाली (कार्ब्युरेटरची), ४१ हजार किमी झालेत. रोज हडपसर ते हिंजवडी म्हणजे काय धूळ खाते ते वेगळं सांगायला नको. गेले दोनेक महिने गाडी ओढतच नाहीये, सासवडला जाताना दिवे घाटात तिसऱ्यात टाकावी लागते आणि अ‍ॅव्हरेज पण ३५ वरून २८ वर आलंय. गॅरेजवाला म्हणतो केअँडएन कंपनीचा कॉटनचा फिल्टर टाका, पाचेक हजार जातील पण पिकअप बघा नुसता, आणि धुवून परत परत वापरता येतो. गाडीच्या कंपनीचा कागदी तर तीनशेच्या आत येतो. खरंच एवढा फरक पडतो का? स्वतः वापरलाय त्यांनीच सांगा, व्हिडिओ नका टाकू प्लीज.

कोथरूडचा_मेक:
हिशोब कर भावा. ३४६ सीसी, फोर स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढणार. ५२५० आरपीएमला मिनिटाला ९०० लिटरच्या आसपास, ते पण सिलिंडर पूर्ण भरला तर, आणि तो तसा भरत नाही. एवढी हवा कंपनीचा चांगला फिल्टर आरामात देतो. आणि तू हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये थ्रॉटल उघडतोस किती, पाव? तेव्हा हवा अडते ती थ्रॉटलपाशी, फिल्टरपाशी नाही. फरक पडलाच तर फुल थ्रॉटलला, आणि पुण्यात फुल थ्रॉटल कुठे देणार ते तूच सांग.

घोगरा_आवाज:
मी तीन वर्षं वापरला, कॉटनवाला, कंपनी नाही सांगत. टाकल्या टाकल्या थ्रॉटल सोडला की सायलेन्सर फट्फट् करायला लागला, प्लग काढला तर पांढरा, म्हणजे लीन चालत होती, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. कार्बमधला पेट्रोल सोडणारा जेट एक साईज मोठा टाकला तेव्हा शांत झाली, ती मजुरी वेगळी. धुणं पण सोपं नाही, त्याचं क्लीनर मारायचं, आतून बाहेर हळू पाणी सोडायचं, सावलीत वाळू द्यायचा, मग तेल लावायचं. एअर गनने वाळवायचा नाही आणि पेट्रोलने तर अजिबात धुवायचा नाही, आपल्याकडे नेमकं तेच करतात. पिकअप? खरं सांगायचं तर आवाज वाढला म्हणून पळतीये असं वाटायचं. आवाज मात्र झकास होता, खोटं कशाला बोलू. (सायलेन्सरच्या नादाला लागू नकोस, पोलीस रोडरोलर फिरवतात.)

वाघोलीकर:
इकडे क्रशरची धूळ आहे, आमच्या ग्रुपमधल्या एकाने एअरबॉक्सच (फिल्टरचा डबा) काढून टाकला आणि तीन-चारशेचा उघडा कोनवाला फिल्टर बसवला. पहिल्या पावसात गाडी बंद, आणि पुढे निळा धूर. बोअर (सिलिंडरची आतली भिंत) उघडला तर उभे ओरखडे, दगडाची बारीक पूड आत गेली की पॉलिश पेपरचं काम करते. रिंग, पिस्टन, बोअर सगळं करावं लागलं.

कोथरूडचा_मेक:
आणि @हडपसरी_थंपर मेन मुद्दा राहिलाच, अ‍ॅव्हरेज पडलंय ना तुझं? कार्बवाल्या गाडीत फिल्टर तुंबला की हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच, म्हणजे कायम चोक ओढून चालवल्यासारखं. प्लग काळा असणार बघ. आत्ताचा फिल्टर शेवटचा कधी बदलला?

हडपसरी_थंपर:
सर्व्हिसला हवा मारतात की दर वेळी. बदललेला मात्र आठवत नाहीये :(

कोथरूडचा_मेक:
धन्य आहेस. जोरात हवा मारली की कागद फाटतो, फिल्टरच्या आत टॉर्च धर म्हणजे भोकं दिसतील. आधी बॉक्स उघड मग पाच हजाराचं बोलू.

हडपसरी_थंपर:
उघडला. फिल्टर काळाकुट्ट, ते ठीक आहे, पण सोसायटीच्या उंदराने बॉक्समध्ये संसार थाटलेला, सीटचा फोम, सुतळी आणि चक्क गणपतीच्या मखराच्या झिरमिळ्या! प्लग काळाच निघाला. नाना पेठेतून कंपनीचा फिल्टर आणला, प्लग पण नवीन टाकला, काल दिवे घाट चौथ्यात चढली. आता हवा आत घेतो त्या तोंडाला जाळी लावावी म्हणतोय उंदरासाठी, कुणी लावलीये का? हवा अडणार नाही ना?

घोगरा_आवाज:
आला परत हवेवर 😂 डासांची नको लावू, धुळीने दोन आठवड्यांत बुजेल. मोठ्या भोकाची लाव.