सोनोग्राफी पाळीच्या कोणत्या दिवशी केली?
‘पोटावरून केलेली सोनोग्राफी नॉर्मल आली, म्हणजे जास्त रक्तस्रावाचे कारण हार्मोनच असणार’ असे एक मत मांडले गेले आहे; ते मला घाईचे वाटते. मोठी गाठ पोटावरूनही दिसते हे खरे. परंतु गर्भाशयाच्या आतील अस्तरातला लहान पॉलिप (अस्तरातूनच वाढलेला मऊ कोंब) पाहायचा असेल, तर योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी आणि तपासणीचा दिवस या दोन्ही गोष्टींना फार महत्त्व असते. पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात अस्तर स्वाभाविकपणेच जाड व पांढुरके दिसते आणि तशाच पांढुरक्या रंगाचा पॉलिप त्यात लपून जातो.

माझ्या धाकट्या बहिणीची पहिली तपासणी पाळी सुरू झाल्यापासून बाविसाव्या दिवशी, पोटावरून झाली होती आणि रिपोर्टात अस्तर १३ मिमी, बाकी सर्व ठीक, एवढेच लिहिले होते. पुढच्या महिन्यात रक्तस्राव थांबल्यावर, सातव्या दिवशी योनिमार्गातून पाहिले, तेव्हा पातळ अस्तरात ९ मिमीचा पॉलिप आणि त्यात शिरणारी एकच रक्तवाहिनी डॉप्लरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर) स्पष्ट दिसली. मधल्या काळात ती विनाकारण गोळ्या घेत होती, याचे मला आजही वाईट वाटते. रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाल्यास मात्र दिवसाची वाट पाहू नये.