मदत हवी आहे: आधारची झेरॉक्स न घेता ओळख कशी पटवावी?

नमस्कार मंडळी. पुण्यात रूममेट शोधून देणारी छोटी साइट आम्ही दोघं मित्र चालवतो. मुलींचा पहिला प्रश्न एकच असतो: समोरचा माणूस खरा आहे ना? आधारचे फोटो मागवायला मन धजत नाही. एका ठिकाणी मी दिलेली माझीच प्रत नंतर भलत्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत होती!

म्हणून ‘अॅनॉन आधार’ (नाव उघड न करता आधार पटवायचं साधन) करून बघतोय. आधारच्या सुरक्षित क्यूआरवर यूआयडीएआयची डिजिटल सही असते. ती खरी आहे आणि वय १८ च्या वर आहे, एवढंच झीरो-नॉलेज प्रूफने (मूळ माहिती न दाखवता दिलेल्या गणिती पुराव्याने) सिद्ध होतं. नाव, पत्ता, जन्मतारीख आमच्याकडे येतच नाही. इथवर झकास.

अडलंय ते पुढे. एका माणसाचं एकच खातं राहावं म्हणून नलिफायर (नाव न सांगता तोच माणूस ओळखू देणारा कोड) वापरतो, पण तो आधारवरच्या फोटोतून तयार होतो. फोटो अपडेट केला की तोच माणूस नवा! यावर कोणी काय तोडगा काढलाय?

दुसरं, प्रूफसाठी लागणारी फाइल शेकडो एमबींची. आईच्या जुन्या फोनवर ब्राउझरच बसला. प्रूफ आमच्या सर्व्हरवर बनवावं, तर डेटा पुन्हा आमच्याच हातात. मग उपयोग काय?

आणि मुळात हे प्रूफ तपासायला ब्लॉकचेन (अनेक कॉम्प्युटरवर वाटलेली सामायिक नोंदवही) लागते का? पडताळणी तर सर्व्हरवरही होते. चेनवर गेलेलं पुसता येत नाही, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती पुसून मागायचा हक्क आहे. नलिफायर चेनवर ठेवणं त्यात अडकेल का? प्रत्यक्ष केलेल्यांनी सांगा, प्लीज.