बाळंतिणीसाठी मोरीचे कालवण : घरची रीत आणि संकटातली मुशी

नागपूरची मालवणी :

आमचे घराणे मूळचे मालवण तालुक्यातले. सासरे नोकरीच्या निमित्ताने नागपूरला आले आणि इथेच स्थायिक झाले, त्याला आता पन्नास वर्षे होतील. या काळात आमच्या बोलण्यात नागपुरी हेल आला, रविवारच्या जेवणात सावजी रस्सा आला, ओल्या नारळाच्या वाटणाची जागा बहुतेक दिवशी सुक्या खोबऱ्याने घेतली. परंतु एक रीत सासूबाईंनी कधीही सोडली नाही. घरातली मुलगी किंवा सून बाळंत झाली की बारशानंतर तिला मोरीचे, म्हणजे लहान मुशीचे (शार्क माशाचे), कालवण द्यायचे. त्याने अंगावर दूध चांगले येते, शिवाय मोरीला काटे नसल्यामुळे बाळाला मांडीवर घेऊनही निर्धास्तपणे जेवता येते, असे त्या सांगतात. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनी मुंबईच्या नातेवाइकांकडून बर्फात घातलेली मोरी विदर्भ एक्स्प्रेसने मागवली होती, आणि डबा उघडल्यावर तिला येणारा उग्र वास मला आजही आठवतो.

आता माझी मुलगी माहेरी बाळंत झाली आहे. सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत आणि रोज सकाळी त्यांचा एकच प्रश्न असतो, “मोरी कधी आणतेस?” ओळखीच्या मासेविक्रेत्याने “मोरी मिळेल, कापून साफ करूनच पाठवतो” असे फोनवर सांगितले. मुलीने मात्र ठाम नकार दिला. शार्क झपाट्याने कमी होत आहेत, माझ्या नावाने तो मासा घरात येऊ नये, असे तिचे म्हणणे आहे. आजी आणि नात यांच्यामध्ये मी उभी आहे.

मोरी विकत घेणे हा कायद्याने गुन्हा ठरतो काय, आणि सगळ्याच मुशी संकटात आहेत की त्यांतल्या काहीच, हे जाणकारांनी सांगावे. दुसरी अडचण माहितीची नाही. ज्या माणसाने माझी दोन बाळंतपणे निगुतीने काढली, त्याला “तुमची रीत चुकीची होती” असे मला म्हणायचे नाही. मग काय म्हणावे?

तेलंगखेडीचा विद्यार्थी :

काकू, मी येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकतो, त्यामुळे आपल्या पहिल्या दोन प्रश्नांपुरते लिहितो. सासूबाईंना काय सांगावे, हे सांगण्याइतके माझे वय नाही.

मोरी किंवा मुशी हे एका माशाचे नाव नाही. एकमेकांपासून बऱ्याच वेगळ्या असलेल्या अनेक जातींना बाजारात हेच नाव चालते, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत मे २००१ मध्ये व्हेल शार्कचा समावेश झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये सगळ्या मुशी आणि पाकट (मुशीच्या जवळचे चपटे मासे) एकदम अनुसूचीत घातले गेले, पण किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिल्याने डिसेंबरमध्ये ही यादी दहा जातींपर्यंत खाली आणण्यात आली. त्यांत व्हेल शार्क, करवतमासे आणि गंगेतील मुशी यांसारख्या जाती होत्या. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची नव्याने मांडणी झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि तिच्यात आणखी काही जाती आल्या आहेत. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार किंवा विक्री केल्यास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. मुशीच्या परांची निर्यात फेब्रुवारी २०१५ पासून पूर्ण बंद आहे. थोडक्यात, मोरी खाणे हा सरसकट गुन्हा नाही. मात्र आपल्या ताटातली मोरी यादीतली नाही, याची खात्री देता आली पाहिजे.

ती खात्री नागपुरात जवळजवळ अशक्य आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सर्वांत जास्त मिळणारी लहान मुशी चपट्या, फावड्यासारख्या नाकाची असते. ती पाऊण मीटरपलीकडे क्वचितच वाढते आणि एक-दोन वर्षांत वयात येते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तीही ‘संकटाच्या जवळ’ या गटात आहे, पण तिची स्थिती त्यातल्या त्यात बरी म्हणता येईल. उलट हातोडीसारख्या डोक्याच्या मुशीची एक मोठी जात याच यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ आहे आणि तिची पिल्ले उथळ पाण्यात वाढत असल्याने लहान मुशींबरोबर त्याच जाळ्यांत सापडतात. डोके आणि कातडे काढून तुकडे केले की एक तुकडा आणि दुसरा तुकडा यांत मलाही फरक सांगता येणार नाही. म्हणून विक्रेत्याचे “साफ करूनच पाठवतो” हे वाक्य आपल्याला सोयीचे वाटले असेल, पण मला तेच खटकले. सुक्या, खारवलेल्या मुशीबाबत तर विचारायलाच नको.

आणखी एक गोष्ट. सध्या आषाढ चालू आहे. आपल्या राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो, तर पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनला संपते. तेव्हा आपल्याला मिळणारी मोरी एक तर विशाखापट्टणमच्या बाजूची असणार किंवा कित्येक महिने शीतगृहात पडून राहिलेली. ती मालवणची नसणार, एवढे विक्रेत्याला न विचारताही सांगता येते.

देवगडचा, सध्या बुटीबोरी :

विद्यार्थिमित्राची माहिती चांगली आहे, परंतु अशी चर्चा निघाली की शेवटी दोष स्वयंपाकघरावर येतो, त्याचा मला राग येतो. माझ्या आजोबांची लहान होडी होती. ते खास मोरीसाठी कधी समुद्रात गेले नाहीत. बांगड्यासाठी टाकलेल्या जाळ्यात दोन-चार मोऱ्या यायच्या, त्यांतली एखादी गावातल्या बाळंतिणीच्या घरी जायची आणि तिचे पैसे कोणी मागत नसे. समुद्र रिकामा केला तो तळ खरवडून काढणाऱ्या ट्रॉलरांनी आणि रात्री झगझगीत दिवे लावून मासे गोळा करणाऱ्यांनी. दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली आणि माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध आणले, तरी किनाऱ्यावरचे लोक अजूनही त्याच तक्रारी करत आहेत. एका आजीने एका नातीसाठी मागवलेल्या अर्धा किलो मोरीने किती फरक पडणार आहे?

आणि जाळ्यात मेलेली मोरी वर आलीच, तर ती पुन्हा पाण्यात फेकून देण्यात कोणते पुण्य आहे?

तेलंगखेडीचा विद्यार्थी :

दादा, मेलेल्या मोरीबद्दल आपले म्हणणे खरे आहे. भारतात बहुतेक मुशी दुसऱ्या माशांबरोबर अनाहूतपणे सापडतात, हेही खरे आहे. पण अनाहूत आलेल्या माशाला ८०० किलोमीटरवरून मागणी येऊ लागली आणि भाव चढला की तो अनाहूत राहत नाही. आपल्या आजोबांची मोरी विकली जात नव्हती, हाच आजच्या आणि तेव्हाच्या मोरीतला फरक आहे. जिवंत सापडलेल्या संरक्षित प्राण्यासाठी जाळे कापावे लागले, तर महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते.

बाळंतशेपा :

मी आहारशास्त्र शिकवते आणि बाळंतिणींशी माझा रोजचा संबंध येतो. इथे आतापर्यंत समुद्राचा विचार झाला, बाळंतिणीचा राहिला.

मोरीने दूध वाढते ही समजूत केवळ मालवणची नाही. तमिळनाडूतही बाळंतिणीला मुशी देतात, आणि एका लहान मुशीचे इंग्रजी नावच ‘दुधाची मुशी’ अशा अर्थाचे आहे. ते भारतातल्या याच समजुतीवरून पडले असे सांगतात. गंमत अशी की तिचीही गणना आता लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात होते. या समजुतीला मी हसणार नाही. बाळंतपणानंतर थकलेल्या बाईला आठवडाभर प्रथिनांनी भरलेले, पचायला हलके, बिनकाट्याचे आणि गरम जेवण कोणी तरी रांधून वाढत असेल, तर तिला बरे वाटणारच. मात्र दूध वाढते ते मुख्यतः बाळाने वारंवार अंगावर पिण्याने, आईच्या विश्रांतीने आणि पुरेशा जेवणा-पाण्याने. त्यासाठी विशिष्ट मासाच हवा, असे नाही.

उलट मुशीच्या बाबतीत बाळंतिणीने सावधच राहावे. समुद्रातला पारा लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जातो आणि इतर मासे खाऊन जगणाऱ्या मुशीच्या मांसात तो पुष्कळ जमा होतो. मासा जितका मोठा आणि वयस्क, तितका पारा अधिक. धुण्याने, उकळण्याने किंवा कोकम घालण्याने तो जात नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी जे मासे टाळावेत त्यांच्या यादीत शार्क घातला आहे, तो याच कारणाने.

त्या उग्र वासाचेही सांगते. मुशीच्या शरीरात युरिया भरपूर असतो आणि मासा शिळा होऊ लागला की त्याचा अमोनिया बनतो. मालवणात सकाळी धरलेली मोरी दुपारी शिजते, तेव्हा हा प्रश्न येत नाही. नागपूरला पोहोचेपर्यंत तो येतोच. सासूबाईंची रीत चुकीची नव्हती. ती समुद्राकाठी बसलेली रीत होती, असे आपण त्यांना खुशाल सांगा. त्या स्वतःच मोरी निवडून घ्यायला शिकल्या असतील, तर शिळ्या मोरीविषयी त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

वैनगंगाकाठ :

ताई, मी भंडारा जिल्ह्यातला, ढीवर समाजाचा. आमच्याकडे समुद्र नाही, पण तळी आहेत. जुन्या मालगुजारी तलावांवरच आमच्या कितीतरी पिढ्या जगल्या. आमच्या आईने सुनांच्या बाळंतपणात मरळीचा रस्सा केला. मरळ आपल्या कामाची का, ते सांगतो. तिला मधला काटा सोडला तर बारीक काटे फारसे नसतात, मांस घट्ट असते, आणि हवेतूनही श्वास घेऊ शकत असल्याने ती बाजारात टोपल्यात जिवंत मिळते. ज्या घराला बिनकाट्याचा आणि ताजा मासा हवा, त्या घराने मरळ पाहावी. रोहू-कतला बाळंतिणीला देऊ नका, त्यांच्या काट्यांनी जीव मेटाकुटीला येतो.

मात्र आमच्या तळ्यांतही सगळे ठीक आहे, असा समज होऊ नये. कित्येक तलावांत बेशरमची झुडपे माजली, बाहेरचे मत्स्यबीज सोडले गेले, आणि आम्ही लहानपणी ओंजळीने धरायचो ते बारीक देशी मासे आता दिसत नाहीत. काही गावांत आमच्याच बायाबापड्यांनी बेशरम उपटून तळ्यात पाणवनस्पती लावल्या, तिथे मासे परतले. पावसाच्या सुरुवातीला पोटात अंडी घेऊन वर चढणारी मरळ आम्ही धरत नव्हतो, आजही शक्यतो धरत नाही. म्हणून या दिवसांत पाळलेली मरळ मागा. तळ्यातली असेल तर विचारून घ्या.

नागपूरची मालवणी :

सर्वांचे मनापासून आभार. कालच्या संध्याकाळी मी सासूबाईंजवळ बसले आणि कायदा, लाल यादी, पारा यांतले काहीही न काढता एवढेच विचारले, “आषाढात तुमच्या आईने मोरी कधी रांधली होती काय?” त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आषाढात दर्या खवळलेला. होडीच कोण घालणार? नारळी पुनवेपर्यंत सुकटावर भागवायचे.” पुढे त्यांनीच सांगितले की त्यांच्या धाकट्या बहिणीचे बाळंतपण भर पावसात झाले, तेव्हा तिला खाडीतले मासे आणि कुळथाची पिठी दिली होती, आणि तरी तिचे बाळ गुटगुटीत होते. ही गोष्ट गेल्या चाळीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकली नव्हती.

देवगडच्या भावांना सांगते की त्यांचा राग मला पटला. माझ्या अर्ध्या किलोने समुद्र भरणार नाही किंवा रिकामाही होणार नाही, हे मी जाणते. परंतु मुलीने नको म्हटले आहे आणि जेवायचे तिला आहे. मोरी येणार नाही, हे ठरले.

सासूबाईंनी एक अट घातली आहे. मासा कोणताही आणा, पण वाटण मोरीचेच असेल : भाजलेला कांदा, भाजलेले ओले खोबरे, धणे, बडीशेप, दोन लवंगा, आणि बाळंतिणीसाठी तिखट अगदी बेताचे. शनिवारी मरळ आणायची आहे. वैनगंगाकाठच्या भावांना एवढेच विचारते, की तिच्या अंगावरचा बुळबुळीतपणा कशाने काढावा? मोरीवर आम्ही उकळते पाणी ओतून कातडे खरवडत असू. मरळीला तसे चालेल काय?

वैनगंगाकाठ :

उकळते पाणी नको ताई, कातडे फाटते. चुलीची राख मिळाली तर उत्तम, नाही तर जाडे मीठ आणि थोडा तांदळाचा कोंडा घेऊन शेपटीकडून डोक्याकडे चोळा, मग दोन पाण्यांनी धुवा. आणि विकणाऱ्याकडून डोके कापून घेऊ नका. आजींना रश्शात ते डोकेच आवडेल.