जुने फ्रेंच विनोदी चित्रपट: मदत हवी आहे

आमच्या फिल्म सोसायटीत १९५०-६०च्या दशकांतल्या फ्रेंच विनोदी चित्रपटांवर बोलायचंय. दिग्दर्शक-नट जाक तातीचे ‘प्लेटाइम’सकट बहुतेक पाहून झालेत. पण अल्जीरियाचं फ्रान्सविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध १९५४ ते ६२ चाललं, पॅरिसात हजारो अल्जीरियन कामगार राहत होते. ते या पडद्यावर कुठे आहेत?

१९७३च्या ‘रॅबी जाकोब’मध्ये लुई द फ्युनेस या नटाने साकारलेल्या कारखानदाराला आपला ड्रायव्हर सालोमों ज्यू आहे हे कळतं तेव्हाचा त्याचा चेहरा बघाच! पूर्वग्रहाचीच खिल्ली आहे ती. मला त्याआधीचं हवंय. अल्जीरियातल्या ओरानमध्ये जन्मलेले हबीब बेंग्लिया यांच्यासारख्या कृष्णवर्णीय नटांना नोकर-हमालापलीकडच्या विनोदी भूमिका मिळाल्या का? चित्रपट, लेख काहीही सुचवा. इंग्रजी सबटायटल्स असतील तर फारच उत्तम.