डिस्क काढायची टेस्ट रोज रात्री वेगळ्याच जागी पडते, काय करू?

मुलुंडकर_८१:
मंडळी, पवईत एका छोट्या टीममध्ये आहे. आमचं प्रॉडक्ट क्यूएमूवर (आभासी मशीन, म्हणजे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) चालतं आणि व्हीएम चालू असताना डिस्क, नेटवर्क कार्ड लावायच्या-काढायच्या ४० एक टेस्ट गेल्या महिन्यापासून माझ्या गळ्यात आल्यात, लिहिणारा कंपनी सोडून गेला. माझ्या लॅपटॉपवर सगळ्या पास, रात्री सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) ३-४ पडतात आणि त्याही रोज वेगळ्या. एरर बहुतेक वेळा डुप्लिकेट आयडीची, म्हणजे डिस्क काढली आणि त्याच आयडीने परत लावायला गेले की म्हणतो ही आहेच की. पण डिव्हाइस_डेल या डिस्क काढायच्या कमांडला उत्तर तर ओके येतं! मध्ये २ सेकंदांचा स्लीप (नुसतं थांबणं) होता, मी ५ केला, मग १०, आता रन सकाळपर्यंत संपत नाही आणि पडायच्या त्या पडतातच. कांजूरला उतरायच्या आत मोबाइलवर लाल दिसतं. टीममध्ये सगळे म्हणतात फ्लेकी आहे, म्हणजे उगाच कधी पास कधी फेल, परत चालव, पण उद्या खरा बग आला तर तोही असाच परत चालवून घालवणार का आपण?

रात्रपाळी:
ताई, स्लीप काढून टाका आधी. ते ओके म्हणजे "गेस्टला (व्हीएमच्या आतल्या ओएसला) सांगितलं" एवढंच, डिस्क गेली असं नाही. पीसीआय डिव्हाइस असेल तर गेस्टच्या कर्नलने ते सोडावं लागतं, ते झालं की क्यूएमू डिव्हाइस_डिलिटेड हा इव्हेंट पाठवतो, त्याचीच वाट बघायची, वर एक मोठा टाइमआउट ठेवायचा. इव्हेंट लगेच आला तर टेस्ट लगेच पुढे जाते, म्हणून टाइमआउट ६० सेकंद ठेवला तरी रन लांबत नाही. आणि हो, यूएसबीला गेस्टची परवानगी लागत नाही, तिथे इव्हेंट कधीकधी कमांडच्या उत्तराआधीच येऊन बसतो, तुमचा क्लायंट (क्यूएमूला कमांड पाठवणारा टेस्टचा कोड) तो फेकून देत असेल तर बसाल वाट बघत. आलेले सगळे इव्हेंट साठवून ठेवा.

शिवडी_नाका:
वरचं बरोबरच आहे, पण लॅपटॉप आणि सीआयमध्ये फरक का पडतो? सीआयच्या मशीनवर केव्हीएम (प्रोसेसरच्या मदतीने व्हीएम वेगात चालवणारी लिनक्सची सोय) आहे का बघा. नसेल तर सगळं टीसीजीवर, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये चालतं, गेस्ट बूट व्हायलाच कितीतरी जास्त वेळ लागतो आणि कर्नल अर्धवट उठलेला असताना काढायची विनंती गेली तर ती हवेत जाते, इव्हेंट येणारच नाही. सिरियल कन्सोलवर लॉगिन दिसेपर्यंत किंवा गेस्ट एजंट (गेस्टमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम) उत्तर देईपर्यंत थांबा, मग काढा.
अजून एक, मशीन टाइप (क्यूएमू कोणत्या मदरबोर्डची नक्कल करतो ते) नुसतं क्यू३५ लिहू नका, व्हर्जनसकट लिहा. क्यूएमू ६.१ मध्ये क्यू३५चं हॉटप्लग (चालू मशीनला लावणं-काढणं) डीफॉल्टने एसीपीआय या वेगळ्या पद्धतीवर गेलं, नुसत्या नावाने चालवणाऱ्यांच्या टेस्टखालची जमीनच बदलली, मी स्वतः त्यात २ दिवस घातलेत.

मुलुंडकर_८१:
केव्हीएम नाहीये सीआयवर!! आणि काही टेस्ट क्यूटेस्टच्या (क्यूएमूची स्वतःची टेस्ट चौकट) आहेत, तिथे गेस्ट ओएसच नाही, मग सोडणार कोण?

रात्रपाळी:
तिथे विनंती पाठवून सिस्टीम_रीसेट द्या, रीसेटला अडकलेली काढणी पूर्ण होते, मग इव्हेंट येतो.

मुलुंडकर_८१:
४ दिवसांनी सांगतेय. सगळे स्लीप काढले, इव्हेंटवर आणलं. आता एकच टेस्ट पडते, पण रोज तीच आणि लॅपटॉपवरसुद्धा. डिस्क गेल्यावर तिच्यामागचा नोड (क्यूएमूमधली डिस्कच्या डेटाची नोंद) काढणारी ब्लॉकडेव्ह_डेल कमांड म्हणते नोड वापरात आहे. आमच्याच कोडमध्ये कोणीतरी धरून ठेवलाय तो, आज तिकीट टाकलं. खूप आभार दोघांचे.