पुणे-गोवा सायकलवर, एका किडनीनिशी

सातारी_पॅडल: धाकट्या भावाला किडनी दिली, आता डॉक्टरांनी सायकलिंगला हिरवा कंदील दिलाय. अवयवदानाच्या प्रचारासाठी आमचा गट पुणे-गोवा काढतोय, कोल्हापूर-आजरा-आंबोलीमार्गे. आई म्हणते, "गप घरी बस." मी काय काय सांभाळू?

घाटवेडा: खंबाटकी घाटाची धास्ती नको, दम लागेल इतकंच. आंबोलीचा उतार बघ. ब्रेकपॅड नवे टाक, धुकं असेल तर मागचा दिवा दिवसाही चालू.

रात्रपाळी: ताई, मी डायलिसिस युनिटला नर्स आहे. पाय कितीही दुखोत, आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅकसारखी दुखण्यावरची गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती गोळी किडनीला महागात पडते. लघवी गडद दिसली की सावलीत थांब, पाणी पी. आणि लोकांना एवढं नक्की सांगा: दात्याचं कार्ड भरलं तरी मृत्यूनंतर घरच्यांची संमती घेतात. कार्ड पाकिटात आणि घरी कुणाला पत्ताच नाही, असं नको.

सातारी_पॅडल: आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "मग तुझा भाऊ काय करणार? बसव त्याला मागच्या गाडीत." बसवलाय. केळी आणि पाण्याचं खातं त्याच्याकडे.