मदत हवी आहे: बांधावरच्या कोल्ह्याला थंडीत ऊब कशी द्यावी?

बांधकरी: निफाडजवळ द्राक्षबागेच्या बांधात दोन तोंडांचं बीळ आहे. संध्याकाळी कोल्ह्यासारखा प्राणी बाहेर बसतो. पहाटे पारा ५-६ अंशांवर येतोय. बिळात पाचट भरू का? भाकरी ठेवली तर चालेल?

माळरान: दोन्ही नको. आधी ओळख पटवा. मांजरापेक्षा थोडं मोठं, झुपकेदार शेपटी आणि शेपटीचं टोक काळं असेल, तर ते खोकड. वजन २ ते ४ किलो. कोल्हा याच्या दुपटीहून मोठा, ८-१० किलोचा. आपल्याकडे दोघांनाही कोल्हाच म्हणतात, तिथून घोळ सुरू होतो.

खोकड थंडीत झोपून राहत नाही, रोज रात्री शिकार करतं. दोन-तीन फूट खोल मातीत दिवसरात्रीचा फरक फारसा पोचत नाही, त्यामुळे वर कडाका असला तरी आत बरंच उबदार असतं. त्यात अंगाचं वेटोळं करून शेपटी नाकावर घेतली की भागतं. लडाखातली तांबडी खोकडं तर बर्फाखालच्या उंदरांची चाहूल कानाने घेऊन वरून झडप घालतात. निफाडची थंडी त्यापुढे काहीच नाही.

पाचट भरलं तर तोंड बुजतं, माणसाचा वास राहतो आणि जोडी बीळ सोडते. हे दिवस तर जोडी जमण्याचे. पुढे साधारण ५० दिवसांनी पिल्लं, म्हणजे नेमकी काढणीच्या गर्दीत.

बांधकरी: मग खाणार काय?

माळरान: उंदीर, किडे, सरडे, आणि सध्या बोरं. भाकरीला आधी गावची कुत्री येतात, त्यांच्यासोबत रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार). थंडीपेक्षा धोका त्यांचाच.

शिवार: उंदरांच्या औषधाचंही बघा. ब्रोमॅडिओलोन मेलेल्या उंदराच्या यकृतात राहतं, तो उंदीर खोकडाने खाल्ला की विष त्याच्याही पोटात. आमिष उघड्यावर टाकू नका, मेलेले उंदीर रोज सकाळी वेचून खोल पुरा.

बीळ वापरात आहे का, हे बघायला तोंडासमोर हातभर जागेत चाळलेली माती पसरा, सकाळी ठसे मिळतील. आत काठी घालू नका. ठसे सापडले तर बांध सपाट करायचं जेसीबीचं काम पावसाळ्याच्या तोंडावर ढकला, तोवर पिल्लं हिंडायला लागलेली असतात. जखमी दिसलं तर हात न लावता वनविभागाला १९२६ वर फोन.

बांधकरी: जेसीबी फेब्रुवारीत सांगितला होता. पुढे ढकलतो.